तू आहेस तरी कुठे?

मंडळी, समजा एका जंगलात विमानातून हजार सेन्सर टाकले. त्यातला एक बोंबलतोय, "तापमान वाढलंय, आग लागली!" ठीक आहे बाबा, पण तू आहेस कुठे? याचं उत्तर नसेल तर बंब पाठवायचा कुणीकडे?

"प्रत्येकाला जीपीएस लावा की!" इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मीही हेच म्हटलं होतं. सरांनी शांतपणे बजेट विचारलं आणि मी गप्प बसलो. :) २००० च्या आसपासचे संशोधक याच अडचणीत होते. त्यांचे छोटे नोड दोन पेन्सिल सेलवर महिनोन्‌महिने चालायला हवे होते. जीपीएसची किंमतही परवडेना आणि वीजही. शिवाय इमारतीच्या आत जीपीएस चालत नाही ते वेगळंच.

मग तोडगा निघाला: मोजक्याच नोडना त्यांची जागा सांगायची. हे झाले अँकर. बाकीच्यांनी त्यांच्यावरून आपली जागा शोधायची.

२००० साली बुलुसू, हायडेमन आणि एस्ट्रिन यांनी अगदी साधी पद्धत मांडली. ज्या अँकरचे सिग्नल ऐकू येतात, त्यांच्या मधोमध मी आहे असं धरायचं. त्याच वर्षी एमआयटीच्या 'क्रिकेट'ने रेडिओ आणि अल्ट्रासाऊंड एकाच वेळी सोडले. वीज चमकल्यावर गडगडाट किती उशिरा आला, यावरून आपण अंतर ताडतो ना? अगदी तसंच.

२००१ मध्ये निकुलेस्कू आणि नाथ यांची डीव्ही-हॉप पद्धत आली. दोन अँकर १०० मीटर लांब आहेत आणि निरोप ५ उड्यांत पोचला, म्हणजे एक उडी साधारण २० मीटरची. मी एका अँकरपासून ३ उड्या दूर, म्हणजे ६० मीटर. अशी तीन अँकरपासूनची अंतरं मिळाली की जागा सापडली. अंतर मोजायला वेगळं यंत्रच नको!

पण मूळ कल्पना नवी नाही बरं का. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ साखळीने सुमारे साडेसात मैलांची एक रेषा मोजली. पुढे फक्त कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकला. हेच काम करताना १८२३ मध्ये तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला.

लॅम्बटनला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. प्रत्येक त्रिकोणागणिक चूक साठत जाते. म्हणून वाटेत तो पुन्हा नव्याने रेषा मोजून आपला हिशोब तपासायचा. डीव्ही-हॉपचं दुखणंही तेच. मधे तळं आलं की निरोप वळसा घालून येतो, उड्या वाढतात आणि ६० मीटरवरचा नोड स्वतःला १२० मीटरवर समजतो. बंब चुकीच्या दिशेला!

यावर अजून तरी जादूची कांडी नाही. कितीही हुशार अल्गोरिदम लिहा, थोडे अँकर नीट जागा मोजून, नेटवर्कच्या कडांपर्यंत पसरून ठेवावेच लागतात. ते काम कीबोर्डवरून होत नाही. त्यासाठी कुणालातरी उन्हात जावंच लागतं.