बाण म्हणजे तीर नव्हे : बंदुकीवरचे लेखन उथळ कसे होत गेले?

१/
अठराव्या शतकातील मराठी युद्धपत्रांत ‘भांडी’ आणि ‘बाण’ हे दोन शब्द वारंवार भेटतात. आजचा वाचक पहिल्याचा अर्थ स्वयंपाकघरात शोधतो, दुसऱ्याचा धनुष्यावर. पत्र लिहिणाऱ्या कारकुनाच्या लेखी मात्र भांडे म्हणजे तोफ, आणि फौजेच्या सरंजामातला बाण म्हणजे बहुधा नळीत दारू ठासून सोडायचा अग्निबाण. आजच्या भाषेत रॉकेट. धनुष्यातून सुटतो तो तीर. एवढा एक घोटाळा झाला की अग्निबाण बाळगणारी फौज कागदावर तिरंदाजांची होऊन बसते.

२/
आजचा धागा याच घोटाळ्याविषयी आहे. बंदुकीवर आधी ती हाताळणाऱ्यांनी लिहिले, मग ती जवळून पाहणाऱ्यांनी, आणि आता बहुतांशी दुसऱ्याचे वाचून लिहिणाऱ्यांनी. प्रत्येक पायरीवर काही शब्द गळाले आणि शब्दांबरोबर इतिहासही गळाला. याची साक्ष द्यायला आपला खानदेश पुरेसा आहे.

३/
जुन्या दफ्तरांतली शब्दसंपदा पाहा. उंटावरून डागायची ती सुतरनाळ. तोफेहून लहान पण खांद्यावरच्या बंदुकीहून जड ती जेजाल. जंबुरा हा फारसीतल्या गांधीलमाशीच्या नावावरून आलेला. कान्याजवळ पेटवायच्या बारीक दारूला रंजक, आणि जळत्या वातीला तोडा किंवा जामगी. ही नावे हौसेने जपलेली नव्हती. दारू किती, शिसे किती, माणसे किती याचा हिशेब त्यांवर चाले. नाव चुकले तर हिशेब चुके, आणि हिशेब चुकला तर जाब द्यावा लागे.

४/
तोड्याची बंदूक चालते कशी? नळीत दारू आणि गोळी गजाने ठासायची. नळीच्या बाजूच्या पेल्यात रंजक घालायची. सोऱ्यात भिजवून वाळवलेला सुती तोडा पेटता ठेवायचा. चाप ओढला की तोडा रंजकीवर टेकतो, रंजकीची आग कान्यातून आत जाते आणि बार उडतो. पावसात तोडा विझतो; अंधारात त्याचा निखारा दिसतो आणि वास माग सांगतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला रात्रीचा छापा किंवा पावसाळ्यातली लढाई समजणे कठीण.

५/
तरीही ही बंदूक शतकानुशतके का टिकली? कारण ती गावात दुरुस्त होई. दारू सोरा, गंधक आणि कोळशाची, गोळी शिशाची, तोडा सुताचा. चकमकीच्या बंदुकीला चांगली गारगोटी आणि कडक स्प्रिंग लागे. पुढे आलेल्या टोपीच्या बंदुकीला तर कारखान्यात बनलेली स्फोटक टोपी लागे. टोपी संपली की बंदूक म्हणजे लोखंडी काठी. म्हणून ‘बंदूक कोणती?’ हा प्रश्न खरे तर ‘रसद कोणाच्या हाती?’ असा असतो.

६/
आता सातपुड्याकडे वळू. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. धरणगाव हे तिचे मुख्य ठाणे. १८५७ मध्ये त्याच प्रदेशात खाज्या नाईक उठला. सेंधव्याच्या घाटाची राखण करण्याची नोकरी त्याने केलेली होती. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात भिल्लांची आणि इंग्रजी फौजेची मोठी लढाई झाली.

७/
या लढाईवरचे आजचे लेखन दोन टोकांना जाते. एका चित्रात सगळे भिल्ल केवळ धनुष्यबाण घेतलेले, भाबडे. दुसऱ्या चित्रात त्यांच्या हाती थेट रायफली, कारण चित्रकाराला मिळालेला नमुना तोच होता. त्या काळी भिल्लांचे ओळखीचे शस्त्र तिरकमठा, आणि ज्याला मिळे त्याच्याकडे तोड्याची बंदूक. समोर होती कवायती फौज, तिच्या मागे सरकारी कोठारे. पहिले चित्र त्यांच्या युद्धज्ञानाचा अपमान करते. दुसरे त्यांनी पत्करलेला धोका लहान करते. बंदुकीचा तपशील चुकला की माणसाच्या धैर्याचे मोजमापही चुकते.

८/
१८५७ वरचे ठरलेले वाक्यही तपासू : ‘शिपायांना एनफिल्ड रायफली दिल्या, त्यांच्या चरबीच्या काडतुसांनी वणवा पेटला.’ प्रत्यक्षात बंगाल फौजेतील बहुतेक शिपायांच्या हाती तेव्हा नितळ नळीच्या जुन्याच बंदुका होत्या. एनफिल्डचे शिक्षण डमडम, अंबाला आणि सियालकोट या केंद्रांवर नुकते सुरू झाले होते. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठच्या ८५ स्वारांनी नाकारलेली काडतुसे जुन्याच प्रकारची होती. म्हणजे भीती वस्तूच्या पुढे धावत होती. अविश्वास किती खोल गेला होता, हे या तपशिलावरूनच कळते. ठरलेल्या वाक्यात ते हरवते.

९/
मग शब्द हरवले कधी? एक मोठे कारण कायद्यात आहे. बंडानंतर निःशस्त्रीकरण झाले, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले. युरोपियनांना मात्र सूट होती. दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, खानदेशाचे गॅझेटियर निघाले आणि लंडनमध्ये एगर्टनची भारतीय शस्त्रांवरची सचित्र पुस्तिकाही. आपली शस्त्रे घरातून गेली आणि त्यांच्या नोंदी परक्या भाषेत गेल्या. पुढच्या पिढीतल्या लेखकाने दारूचा वास कधी घेतलाच नाही. ‘रंजक’ त्याच्यासाठी कोशातला शब्द उरला.

१०/
अशा काळात वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पानिपतच्या काळातील पत्रांचा. बखरी काय सांगतात ते अस्सल पत्रांशी ताडून पाहायचे, ही त्यांची शिस्त. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. मूळ शब्द जसाच्या तसा छापल्यामुळे ‘बाण’ म्हणजे काय, हे आपण आज पुन्हा विचारू शकतो.

११/
जगातही हीच गोष्ट घडली. ‘मॅगझिन’ हा शब्द अरबीतील ‘मखझन’ म्हणजे कोठार यावरून आला. दारूचे कोठार, बंदुकीतली काडतुसांची पेटी आणि, १७३१ च्या लंडनमधील ‘जंटलमन्स मॅगझिन’पासून, नियतकालिकही. बंदुकांवरच्या नियतकालिकांत एकेकाळी ज्युलियन हॅचरसारखे लोक लिहीत. तो अमेरिकी सैन्याच्या शस्त्रविभागातला अधिकारी, पुढे ‘अमेरिकन रायफलमन’चा तांत्रिक संपादक. सरळ आकाशात झाडलेली गोळी किती वेगाने परत येते, याचे त्याने नोंदवलेले उत्तर प्रत्यक्ष प्रयोगाचे होते : सेकंदाला सुमारे ३०० फूट.

१२/
पुढे अशा कित्येक नियतकालिकांचा गाडा बंदूक बनवणाऱ्यांच्या जाहिरातींवर चालू लागला. परीक्षणासाठी बंदूक पाठवणार कारखाना, आणि पान विकत घेणारही तोच. मग दोष लिहायचा कोणी? प्रयोग महाग, माहितीपत्रक फुकट. तज्ज्ञाची जागा माहितीपत्रक नीट उतरवणाऱ्याने घेतली. आपल्याकडे जाहिरातींचा हा दबाव नाही. इथे लाइक आणि शेअरची घाई तेच काम करते.

१३/
म्हणून आज मराठीत घोडा आणि चाप एकच झाले आहेत. बोट असते चापावर. घोडा हा मागे ताणला जाणारा आणि आघात करणारा भाग. गोळी आणि काडतूस एकच झाले आहे. काडतूस म्हणजे पुंगळी, दारू, टोपी आणि गोळी मिळून झालेली वस्तू. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. ‘७.६२’ लिहिले की पुरे, असेही वाटते. पण एके-४७ च्या काडतुसाची पुंगळी ३९ मिलिमीटरची आणि आपल्या जुन्या एसएलआरची ५१ मिलिमीटरची. एकाचे काडतूस दुसरीत चालत नाही.

१४/
गंमत अशी की अचूक भाषा पुरती मेलेली नाही. जळगाव-धुळ्याच्या बातम्यांत ‘गावठी कट्टा आणि जिवंत काडतूस’ असे अगदी काटेकोर लिहिलेले असते, कारण मागे पंचनामा असतो आणि पुढे न्यायालय. भुसावळजवळ वरणगावला गेल्या शतकाच्या साठीच्या दशकापासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. पुंगळी आणि गोळी यांतला फरक सांगू शकणारी माणसे आपल्या शेजारी राहतात. चुकीची किंमत मोजावी लागते तिथे शब्द नेमके राहतात. जुन्या कारकुनाचेही तेच होते.

१५/
तेव्हा मित्रहो, बंदुकीवरची पोस्ट पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा. ती पेटते कशाने : तोडा, चकमक की टोपी? भरतात कुठून, तोंडातून की मागून? नळी नितळ की आट्यांची? आणि दारूगोळा येतो कुठून? उत्तर मिळाले नाही तर नुसते ‘बंदूक’ लिहा. त्यात कमीपणा नाही. अंबापाणीच्या डोंगरात उभ्या राहिलेल्यांना आपण दुसरे काही देऊ शकत नाही. त्यांच्या हातात जे होते, तेवढेच त्यांच्या हातात दाखवू.

#खानदेश #इतिहास #धागा