कार्ब्युरेटरची दुरुस्ती आणि स्वावलंबनाची कसोटी : वर्ध्याच्या संदर्भात

यंत्राच्या इतिहासात शोध व उत्पादन यांची नोंद होते; दुरुस्तीची सहसा होत नाही. या दुर्लक्षित बाजूचा विचार करताना वर्ध्याचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो.

१९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, योग्य निगा राखल्यास ते किमान २० वर्षे टिकावे आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत असावा, अशा अटी त्यात होत्या. दुरुस्तीची सुलभता हा यंत्राचा गुण आहे, ही भूमिका येथे स्पष्ट होते. १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हाच विचार इतर ग्रामोद्योगांपर्यंत नेला.

याच वर्ध्यातील जमनालाल बजाज यांच्या घराण्याचा दुसरा धागा वाहनउद्योगाशी जुळतो. त्यांचे आजोबा बच्छराज यांचे नाव धारण करणारी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ मध्ये स्थापन झाली. तिने १९४८ पासून आयात स्कूटरची विक्री केली आणि पुढे ती बजाज ऑटो झाली. त्या कंपनीची १९७२ ची चेतक असो वा अन्य कंपन्यांच्या राजदूत, येझदी, बुलेट या मोटारसायकली असोत, हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिद्ध करणारा कार्ब्युरेटर सर्वांत समान होता.

अशा जुन्या मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर मोजक्या हत्यारांनी खोलता येतो. प्रथम पेट्रोलचा कॉक बंद केला जातो. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच पूर्ण आत फिरवून वेढे मोजून ठेवावे लागतात. जुळणीनंतर इंजिन त्याच वेढ्यांवर सुरू करून मग सूक्ष्म समायोजन होते. फ्लोटच्या वाटीतील गाळ काढून जेट पेट्रोलने धुतात व हवेने फुंकतात. तार घातल्यास छिद्र मोठे होऊन पेट्रोल अधिक जाते, काळा धूर येतो. सुईची झडप झिजली असेल तर पेट्रोल ओसंडते. हे ज्ञान बहुधा पुस्तकातून नव्हे, तर मिस्त्रीच्या हाताखाली राबून मिळाले.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ निकषांमुळे बहुतांश नव्या दुचाकींत इंधन-इंजेक्शन आले. त्याने प्रदूषण घटले, हे मान्य करावे लागेल. मात्र दोष शोधण्यासाठी संगणकीय उपकरण आवश्यक झाले आणि दुरुस्तीचा अधिकार मिस्त्रीच्या हातून काही अंशी निसटला. १९२९ च्या अटींतील प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहतो : यंत्र विकत घेणाऱ्याच्या गावात ते दुरुस्त होऊ शकते काय? त्याचे उत्तर शोधताना मिस्त्रींचे मौखिक ज्ञान हे इतिहासाचे साधन मानून वेळीच नोंदविणे अगत्याचे आहे.