जुना बग, नवी गाडी

आपल्या धंद्यात सगळ्यात लाजिरवाणा बग कुठला? जो एकदा सापडलाय, ज्याच्यावर उपाय केलाय, आणि जो काही वर्षांनी नव्या व्हर्जनमध्ये परत उगवतो. फॉर्म्युला वनमध्ये असाच एक बग तब्बल ४३ वर्षांनी परत आला. आजचं पुराण त्याचंच.

आधी थोडं शाळेतलं विज्ञान. दोन कागद समोरासमोर धरून मधून फुंकर मारा. ते लांब जायच्या ऐवजी एकमेकांकडे ओढले जातात, कारण मधल्या वेगवान हवेचा दाब कमी होतो. आता एक कागद म्हणजे रस्ता आणि दुसरा म्हणजे गाडीचा तळ असं समजा. तळाला उलट्या पंखाचा आकार दिला की गाडी रस्त्याकडे खेचली जाते, टायरची पकड वाढते आणि वळणावर वेग कमी करावा लागत नाही. यालाच म्हणतात ग्राउंड इफेक्ट.

१९७५ च्या सुमारास लोटसचा मालक कॉलिन चॅपमन याने टोनी रड आणि पीटर राइट यांना नव्या गाडीच्या संशोधनाला बसवलं. लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये चाचण्या चालायच्या. आता गंमत बघा. आकडे काही केल्या स्थिर येईनात. नीट पाहिलं तर मॉडेलच्या दोन्ही बाजूंचे भाग हवेच्या ओढीने खाली लोंबत होते आणि ते जमिनीजवळ आले की डाउनफोर्स वाढत होता. मग बाजूच्या फटी पुठ्ठ्याने बंद करून पाहिल्या, तर आकडा एकदम उडालाच! दुसऱ्या कोणी मॉडेल दुरुस्त करून पुढचं काम सुरू केलं असतं. राइटने त्या बिघाडातच शोध पाहिला.

यातून १९७७ ची लोटस ७८ आली आणि १९७८ ची लोटस ७९. बाजूला रस्त्याला घासत जाणारे सरकते 'स्कर्ट', म्हणजे बाहेरची हवा आत शिरायला नको. १९७८ मध्ये मारिओ आंद्रेती विश्वविजेता झाला आणि संघांचं विजेतेपदही लोटसलाच गेलं.

चॅपमन आता थांबतोय कसला! १९७९ च्या लोटस ८० मध्ये जवळजवळ सगळी गाडीच पंख करून टाकली. आणि तिथे हा बग भेटला. वेग वाढला की गाडी खाली ओढली जाते. फार खाली गेली की तळाखालचा प्रवाह तुटतो आणि ओढ नाहीशी होते. गाडी उसळून वर येते, प्रवाह पुन्हा सुरू, पुन्हा खाली. पाण्यात उड्या मारत जाणाऱ्या पॉरपॉइजसारखी चाल, म्हणून नाव पडलं पॉरपॉइझिंग. लोटस ८० तीन शर्यतींनंतर घरी बसली.

इतरांनी स्प्रिंगा दगडासारख्या कडक करून वेळ मारून नेली. रस्त्याचा प्रत्येक खड्डा ड्रायव्हरच्या मणक्यात जायचा. त्यात एखादा स्कर्ट अडकला, तर ऐन वळणावर पकड गायब. १९८२ मध्ये झिल व्हिलनव आणि रिकार्डो पालेती यांचे जीव गेले, दिदिए पिरोनीचे पाय चिरडले. हे सगळं पाप एकट्या ग्राउंड इफेक्टचं नव्हे, पण वळणांवरचे वेग हाताबाहेर चाललेत हे सगळ्यांना दिसत होतं. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला. बग क्लोज्ड.

आता एकदम २०२२. पुढच्या गाडीच्या मागे गढूळ हवेतही जवळून जाता यावं, म्हणून नियमांनी तळाचे बोगदे परत आणले. या वेळी सुपरकॉम्प्युटर होते, सिम्युलेशन होतं. तरी फेब्रुवारीत बार्सिलोनाला गाड्या सरळ रस्त्यावर टणाटण उडायला लागल्या.

कारण? टेस्टिंग एन्व्हायर्नमेंट आणि प्रॉडक्शन यांच्यातला फरक! नियमानुसार विंड टनेलमध्ये ६०% आकाराचं मॉडेल आणि सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किमीची मर्यादा. रस्त्यावर गाडी ३०० च्या वर जाते. शिवाय खऱ्या गाडीला स्प्रिंगा आणि टायर असतात, ती उसळू शकते.

जूनमध्ये बाकूला लुइस हॅमिल्टन पाठ धरत कसाबसा गाडीतून उतरला. मग एफआयएने उसळीवर मर्यादा घातली आणि २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर उचलायला लावल्या.

रेड बुलला मात्र याचा त्रास बराच कमी झाला. त्या वर्षी २२ पैकी १७ शर्यती त्यांनी जिंकल्या. त्यांचा एड्रियन न्यूई १९८० मध्ये साउथहॅम्प्टनहून इंजिनियर झाला, आणि त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय होता ग्राउंड इफेक्ट! एवढ्यामुळेच ते जिंकले असं मी म्हणणार नाही. पण बाकीच्यांसाठी जो इतिहास होता, तो त्याने ऐन उमेदीत शिकलेला विषय होता.

२०२६ च्या नियमांत तळ पुन्हा बराच सपाट झालाय. म्हणजे बग पुन्हा क्लोज्ड. पण आपल्याकडे काय होतं? 'हे मोड्यूल आता वापरात नाही' म्हणून नोट्स उडवल्या जातात आणि ज्याला कारण माहीत असतं तो नोकरी बदलतो. आपला सर्व्हर पडला तर फार तर रात्र जागून काढावी लागते. तिथे कोणाचा तरी मणका पणाला लागलेला असतो. तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की टीममधल्या सगळ्यात जुन्या माणसाला एक चहा पाजा, आणि एखादा जुना बग नेमका का आला होता ते विचारून लिहून ठेवा.