परसातील चिंच आणि कोक्करेबेळ्ळूरचे पक्षी

सह्याद्रीच्या परिसरातील देवराया देवाच्या नावाने राखल्या गेल्या. तेथील झाड तोडणे हा देवाचा अपराध, ही श्रद्धाच त्यांचे कुंपण ठरली. परंतु जी जमीन देवाची नव्हे, सरकारचीही नव्हे, एखाद्या कुटुंबाच्या मालकीची आहे, तेथील वन्य जीवांचे रक्षण कोणत्या बळावर व्हावे? या प्रश्नाचे एक उत्तर कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात, मद्दूर तालुक्यातील कोक्करेबेळ्ळूर या गावाच्या इतिहासात सापडते.

कन्नडमध्ये ‘कोक्करे’ म्हणजे करकोचा. शिंशा नदीजवळच्या या गावात चित्रबलाक आणि ठिपकेदार चोचीचे पेलिकन दरवर्षी हिवाळ्यात येतात, घरांलगतच्या चिंचांवर घरटी बांधतात आणि पिले उडती झाली की पावसाळ्याच्या तोंडाशी निघून जातात. त्यांची विष्ठा गोळा करून ग्रामस्थ शेताला खत म्हणून घालीत आले. गावकरी या पक्ष्यांना भाग्याचे मानतात. तथापि केवळ भावनेने संसार चालत नाही. चिंच उतरविण्याचे दिवस आणि पक्ष्यांच्या विणीचे दिवस एकच. झाडावर माणूस चढला की घरटी उधळतात. पक्षी राखायचे तर मालकाला चिंचेवर पाणी सोडावे लागते.

वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी १९७० च्या दशकात या वसाहतीकडे लक्ष वेधले. घरटी असलेल्या झाडांच्या मालकांना बुडालेल्या चिंचेची भरपाई देण्याची पद्धत वनखात्याने सुरू केली. झाड मालकाचेच राहिले. त्याच्या त्यागाचा वाटा मात्र समाजाने उचलला.

कायद्याला ही दृष्टी येण्यास वेळ लागला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील ३८ व्या कलमानुसार मालक आपली जमीन वनाधिकाऱ्याच्या व्यवस्थापनाखाली देऊ शकत असे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००२ मधील दुरुस्तीने मात्र व्यक्तीने वा ग्रामसमाजाने स्वेच्छेने राखलेली खाजगी जमीन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित करण्याची तरतूद केली. व्यवस्थापन समितीत गावाचे प्रतिनिधी आले. जमिनीच्या वापरात बदल करण्यास समितीचा ठराव व शासनाची संमती आवश्यक ठरली. २००७ मध्ये कोक्करेबेळ्ळूरला हा दर्जा मिळाला.

अर्थात घोषणेने काम संपत नाही. भरपाई बाजारभावाच्या मागे पडली, तर चिंचेवर कुऱ्हाड पडण्यास विलंब लागणार नाही. शिवाय घरटे परसात असले तरी पक्ष्यांचे अन्न भोवतालच्या तळ्यांत व नदीत आहे. ती आटली वा दूषित झाली, तर झाड राखूनही काय उपयोग? मालकाची इच्छा, समाजाची कृतज्ञता आणि शासनाचा आधार या तिन्हींचा मेळ बसला, तरच खाजगी जमिनीवरील निसर्ग टिकतो, हेच या गावाच्या इतिहासाचे सार होय.