जॉर्ज बर्ड ग्रिनेल : रानाचा कैवारी संपादक

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन इंदूरहून कान्ह्याला गेलो होतो. जिप्सीतल्या गाईडने झाडीत उभा असलेला काळा, धिप्पाड गवा दाखवला आणि म्हणाला, "साहब, बायसन!" आमच्या धाकट्याने पुस्तकात बायसनचे चित्र पाहिलेले. तो हळूच म्हणाला, "बाबा, हा बायसन नाही. बायसनला दाढी असते." पोरगा बरोबर होता. इंग्रज शिकाऱ्यांनी आपल्या गव्याला बायसन म्हटले आणि ते नाव आजतागायत चिकटून बसले. दाढीवाला खरा बायसन अमेरिकेतला. मग तो आता कुठे आहे, किती उरला आहे, अशा प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. घरी आल्यावर पोराला उत्तर द्यायचे म्हणून आम्ही वाचायला बसलो आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल या गृहस्थाशी गाठ पडली.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत होळकरशाहीचा, जुन्या वाड्यांचा, इथे येऊन स्थायिक झालेल्या घराण्यांचा इतिहास येतो आणि तो यायलाच हवा. यंदा वाचकांनी थोडे दूर यावे, अशी विनंती आहे.

ग्रिनेलचा जन्म २० सप्टेंबर १८४९ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनचा. वडील सधन, शेअरबाजारातले. मधले नाव ‘बर्ड’, म्हणजे पक्षी. हे नाव नुसते योगायोगाचे. पण पुढे घडलेही तसेच. तो सातआठ वर्षांचा असताना कुटुंब मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला ऑड्युबन पार्क नावाच्या जागी राहायला गेले. पक्ष्यांची प्रचंड चित्रे काढणारे जॉन जेम्स ऑड्युबन यांची ती मालमत्ता. ऑड्युबन तेव्हा हयात नव्हते, पण त्यांच्या पत्नी ल्यूसीबाई तिथेच मुलांची शाळा चालवत. ग्रिनेल त्यांच्या हाताखाली शिकला. अभ्यासात बेताचाच होता, पण पक्षी ओळखण्यात तरबेज झाला. लहानपणी असा एखादा शेजार लाभला की आयुष्याला वळण लागते, हे आपल्याकडेही आपण पाहतो.

१८७० साली येल विद्यापीठातून बाहेर पडताच प्राध्यापक मार्श यांच्याबरोबर तो पश्चिमेकडच्या ओसाड मुलुखात नामशेष प्राण्यांची हाडे शोधायला गेला. बरोबर बारा विद्यार्थी आणि संरक्षणाला लष्कराची तुकडी. शहरी पोरगा घोड्यावर बसायला, बंदूक चालवायला, उघड्यावर झोपायला तिथे शिकला. १८७२ मध्ये पॉनी जमातीच्या लोकांबरोबर तो बायसनच्या शिकारीला गेला आणि परतून लिहिले की या जनावराचे दिवस आता भरत आले आहेत. त्या वेळी हे कुणाला पटण्यासारखे नव्हते. एकेकाळी बायसनची संख्या काही कोटींत होती. कळप रेल्वेला आडवा आला तर गाडी थांबवून ठेवावी लागे. पण त्याच रेल्वेने कातडी पूर्वेकडे नेण्याची सोय केली आणि कारखान्यांच्या पट्ट्यांसाठी कातड्याला भाव आला. शिकारी कातडे सोलून घेत आणि धड तिथेच कुजायला टाकत. १८८० चे दशक संपता संपता सगळ्या अमेरिकेत मिळून हजाराच्या आसपास जनावरे उरली.

१८७४ मध्ये ग्रिनेल सेनाधिकारी कस्टर याच्या ब्लॅक हिल्स मोहिमेत निसर्गतज्ज्ञ म्हणून गेला. तो मुलूख तहाने लाकोटा लोकांना दिलेला होता. मोहिमेत सोने सापडल्याची बातमी फुटली आणि तह बासनात गेला. १८७६ साली कस्टरने पुन्हा बोलावले, तेव्हा येलच्या संग्रहालयातले काम सोडून येणे जमणार नाही, असे ग्रिनेलने कळवले. त्याच जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर आपल्या तुकडीसह मारला गेला.

मधल्या वर्षी, १८७५ मध्ये, कर्नल लडलो यांच्याबरोबर तो यलोस्टोनला जाऊन आला होता. हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १८७२ चे. पण ते कागदावरच. त्या हिवाळ्यात हजारो हरणे, बायसन केवळ कातड्यासाठी मारली गेल्याचे ग्रिनेलने आपल्या अहवालासोबतच्या पत्रात नमूद केले. आम्ही स्वतः डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेले, मोजणी आणि नकाशे यांत वीसेक वर्षे काढलेली. अहवालासोबतचे पत्र किती जण वाचतात, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. ग्रिनेललाही ते उमगले असावे. त्याने पुढची पस्तीस वर्षे वेगळे हत्यार वापरले.

ते हत्यार म्हणजे ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ हे साप्ताहिक. शिकार, मासेमारी, बंदुका आणि कुत्री हे त्याचे विषय. १८७६ पासून ग्रिनेल त्यात निसर्गविषयक पाने पाहू लागला आणि १८८० पासून १९११ पर्यंत त्याचा संपादक आणि चालक होता. वाचक सगळे शिकारी, संपादकही शिकारी. जनावर वाचवा हे त्याने सांगितले ते जनावर मारणाऱ्यांनाच, आणि ते त्यांनी ऐकले, कारण सांगणारा त्यांच्यातला होता. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत दिवाणखान्याच्या भिंतीवर चितळाची शिंगे मिरवत. त्या भिंतीखाली बसून हे सांगण्याची हिंमत आमच्या आजोबांच्या पिढीत किती जणांनी केली असती, कोण जाणे.

१८८६ मध्ये बायकांच्या टोप्यांवरच्या पिसांचा प्रश्न निघाला. फ्रँक चॅपमन नावाच्या तरुण पक्षितज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन दुपार फिरून ७०० टोप्या मोजल्या. त्यातल्या ५४२ टोप्यांवर पिसे किंवा अख्खे पेंढा भरलेले पक्षी होते. ही मोजदाद ग्रिनेलने छापली. त्याच फेब्रुवारीत त्याने आपल्या बाईंच्या घराण्याच्या नावाने ऑड्युबन सोसायटी काढली. वर्गणी काही नाही, फक्त पक्षी न मारण्याची, पिसे न वापरण्याची सही करायची. वर्षभरातच जवळजवळ ३९ हजार सभासद झाले आणि तो पसारा एका साप्ताहिकाच्या कचेरीला झेपेना. १८८९ मध्ये काम बंद पडले. पुढे १८९६ पासून बोस्टनच्या दोन स्त्रियांनी ते पुन्हा उभे केले. आपल्याकडचा धागा असा की मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिकही याच १८८६ सालचे, आणि १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारनेही पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली.

त्याच सुमारास थिओडोर रूझवेल्ट नावाचा तरतरीत तरुण ग्रिनेलच्या कचेरीत आला. त्याच्या पुस्तकावर ग्रिनेलने जरा खोचक परीक्षण लिहिले होते, त्याचा जाब विचारायला! बोलणे सुरू झाले ते मैत्रीतच संपले. १८८७ च्या डिसेंबरात दोघांनी मिळून बून अँड क्रॉकेट क्लब स्थापला. सभासदाने निदान तीन जातींची मोठी जनावरे मारलेली असावीत, ही त्यात प्रवेशाची अट. आज हसू येईल. पण याच क्लबाच्या वजनाने वॉशिंग्टनमध्ये पुढे पुष्कळ कामे झाली.

सगळ्यात रंगतदार प्रकरण १८९४ चे. यलोस्टोनवर आता लष्कराचा पहारा होता, पण कायद्याला दातच नव्हते. चोरटा शिकारी सापडला तर त्याला हद्दीबाहेर काढायचे, बस. मार्च महिन्यात एड्गर हॉवेल नावाचा शिकारी बर्फाने भरलेल्या पेलिकन दरीत राहून उरलेसुरले बायसन टिपत होता. एकेका मुंडक्याला शेकडो डॉलर मिळत. १३ मार्चला फेलिक्स बर्जेस हा पहारेकरी हातात नुसते पिस्तूल घेऊन उघड्या बर्फावरून त्याच्यामागे गेला. हॉवेलजवळ रायफल होती, कुत्राही होता. वारा उलटा होता म्हणून कुत्रा भुंकला नाही. मेलेल्या बायसनचे कातडे सोलत असतानाच हॉवेल पकडला गेला. ग्रिनेलचा वार्ताहर एमर्सन हफ नेमका त्याच वेळी बर्फातून उद्यानाची पाहणी करत फिरत होता, बरोबर छायाचित्रकार हेन्स. त्यांना कैदी भेटला. तो मजेत होता. पकडला गेलो तर माझे सामान जाईल, सव्वीस-सत्तावीस डॉलरचे. सुटलो असतो तर दोन हजार मिळाले असते, असा त्याचा हिशोब. हफने तो हिशोब जसाच्या तसा पाठवला, मारलेल्या जनावरांची छायाचित्रेही घेतली. ग्रिनेलने ते छापले आणि स्वतः वॉशिंग्टन गाठले. लोक संतापले. वर्षानुवर्षे अडलेले विधेयक पुढे सरकले आणि ७ मे १८९४ ला, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, कायदा झाला: हजार डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद. सरकारी फाईल एवढ्या वेगाने सरकलेली आम्ही तरी आमच्या नोकरीत पाहिली नाही. तरीही १९०२ मध्ये त्या उद्यानात रानटी बायसन मोजून दोन डझनच्या आसपास निघाले. इतका काठ गाठला गेला होता.

इथवरची गोष्ट आम्ही पोराला आनंदाने सांगितली. पुढची सांगताना अडखळलो.

१८८५ पासून ग्रिनेल मोंटानाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या डोंगरांत जाऊ लागला. हा ब्लॅकफीट लोकांचा मुलूख. आधीच्याच, १८८३-८४ च्या, हिवाळ्यात तिथे शेकडो माणसे उपासमारीने मेली होती. बायसन संपला होता आणि सरकारी शिधा पुरेसा पोचला नव्हता. ग्रिनेलने त्यांच्यासाठी वॉशिंग्टनला पत्रे लिहिली, नालायक अधिकाऱ्याविरुद्ध खटपट केली. शेकोटीपाशी बसून त्यांच्या कथा उतरवून घेतल्या. १८९२ चे त्याचे पुस्तक त्यांचेच. शायेन लोकांवरचे त्याचे दोन खंडांचे काम आजही अभ्यासक उघडतात. शायेन त्याला त्यांच्या भाषेत ‘पक्षी’च म्हणत, ऋतूप्रमाणे येतो आणि जातो म्हणून.

त्या डोंगरांत तांबे-सोने आहे अशी आवई उठली, खाणवाले घुसू लागले. सरकारने डोंगराची पट्टी विकत घ्यायचे ठरवले आणि १८९५ मध्ये बोलणीसाठी तिघांचे मंडळ नेमले. त्यात ग्रिनेल हवा, असे ब्लॅकफीटच म्हणाले, कारण विश्वासाचा माणूस तो एकच. त्यांनी तीस लाख डॉलर मागितले, सरकारने दहा लाख देऊ केले, पंधरा लाखांवर तडजोड झाली. त्या जमिनीत शिकार करायची, मासे धरायचे, लाकूड तोडायचे हक्क त्यांच्याकडे राहतील, असे करारात लिहिले. पण ती सार्वजनिक जमीन असेल तोवर. खनिज फारसे निघालेच नाही. ग्रिनेलने मात्र त्या डोंगरांवर १९०१ मध्ये लेख लिहिला, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि ११ मे १९१० ला तिथे ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झाले. पूर्वेकडचा अर्धा भाग त्याच पट्टीतला. उद्यान झाले, म्हणजे ती आता सार्वजनिक जमीन उरली नाही, म्हणून हक्क संपले, असा सरकारने अर्थ लावला. पुढे १९३० च्या दशकात न्यायालयांनीही तेच धरले.

नकाशावर रेघ ओढणे हे आमचे पोटापाण्याचे काम. रेघ बारीक असते, पेन्सिल टोकदार असावी लागते. रेघेच्या कोणत्या बाजूला कुणाची विहीर, कुणाचे देवस्थान आले, हे नकाशावर दिसत नाही. ते गावात गेल्यावर म्हातारी माणसे सांगतात, आणि तोवर नकाशा मंजूर झालेला असतो. कान्ह्यात बारशिंगा वाचला त्याचे श्रेय द्यायलाच हवे; तिथून उठवलेल्या बैगा-गोंडांची गावे कुठे गेली, हे गाईड आपणहून सांगत नाही. ग्रिनेल लबाड होता असे आम्हाला मुळीच वाटत नाही. खाणवाल्यांनी तसेही घेतलेच असते, त्यापेक्षा बरा भाव मिळवून द्यावा, असे त्याने मनाशी धरले असावे. शक्य आहे. पण विश्वास त्याच्यावर होता, करारावर नव्हता, हेही तितकेच खरे.

१८९९ ची हॅरिमन यांची अलास्का मोहीम ही त्याची आणखी एक मोठी सफर. जॉन म्यूर, जॉन बरोज अशी नामांकित माणसे एका आगबोटीवर. आदल्या वर्षी माउंट रेनियरवर ओळख झालेला छायाचित्रकार एडवर्ड कर्टिसही तिथे होता. पुढच्या वर्षी ग्रिनेल त्याला ब्लॅकफीटांच्या सूर्यनृत्याला घेऊन गेला आणि त्यातूनच कर्टिसचे आदिवासींच्या छायाचित्रांचे अवाढव्य काम सुरू झाले.

म्हातारपणी, १९२० च्या दशकात, ग्रिनेल पुन्हा त्या डोंगरांत गेला. तिथली एक हिमनदी त्याच्या नावाची आहे. ती मागे सरकत चालल्याचे त्याने स्वतः पाहिले. आज ती आणखीच आकसली आहे. ११ एप्रिल १९३८ ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला.

पोराच्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. बायसन आता पुन्हा हजारोंनी आहेत. १९०७ साली मोंटानातला एक खासगी कळप कॅनडाने विकत घेतला होता. त्यातल्या जनावरांचे वंशज ब्लॅकफीटांनी २०१६ मध्ये परत आणले आणि २०२३ च्या जूनमध्ये त्यातले काही चीफ माउंटनच्या पायथ्याशी, आपल्या जमिनीवर मोकळे सोडले. पोराला आम्ही फोटो दाखवला. दाढी आहे. तिथून ग्लेशियर उद्यानाची हद्द अगदी लागूनच आहे.