पानिपतची आघाडी आणि लाल तंबू

लष्करी आघाडीचे मुख्यालय म्हटले की आज आपल्याला ब्रुसेल्समधील नाटोचे मुख्यालय आठवते. १७६० साली असे मुख्यालय फौजेबरोबर हलत असे. अहमदशाह अब्दाली आणि त्याच्या हिंदुस्थानी मित्रांची छावणी पावसाळ्यात गंगाकाठी अनुपशहरला होती. नोव्हेंबरपासून ती पानिपतच्या दक्षिणेला, मराठ्यांसमोर येऊन ठाकली.

आघाडी कशी जुळली?

प्रत्येकाचा हेतू वेगळा होता. नजीबखान रोहिल्याला मराठ्यांपासून आपला मुलूख वाचवायचा होता. अवधचा शुजाउद्दौला शिया होता आणि अफगाणांविषयी साशंक होता. मराठेही त्याला आपल्याकडे ओढू पाहत होते. नजीबाने स्वतः जाऊन त्याचे मन वळवले आणि जुलै १७६० मध्ये तो अनुपशहरला दाखल झाला. म्हणून ही लढाई केवळ धर्माच्या चौकटीत बसवू नका. मराठ्यांकडे इब्राहिमखान गारदी होता, तर शुजाच्या पदरी काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण.

निर्णय कोठे होत?

काशीराजाने पुढे फारसीत या युद्धाची हकिकत लिहिली. तिच्यानुसार छावणीपुढे कोसभर अंतरावर अब्दालीचा छोटा लाल तंबू असे. तो रोज पहाटे तेथे येई आणि दिवसभर चौक्या पाहत फिरे. रात्री पाच हजार स्वार मराठ्यांच्या गोटाजवळ गस्त घालत. लवकर लढाई द्यावी, हा मित्रांचा आग्रह त्याने मानला नाही. सदाशिवरावभाऊंनी तहाची बोलणी लावली तेव्हा शुजा अनुकूल होता. नजीबाने विरोध केला आणि त्याचेच चालले.

परिणाम

नजीबामुळे अब्दालीला दुआबातून धान्य मिळत राहिले. मराठ्यांची साथ सूरजमल जाटाने दिल्लीतच सोडली होती. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. अखेर १४ जानेवारी १७६१ रोजी उपासमारीने गांजलेले मराठे खंदकाबाहेर पडले आणि त्यांचा दारुण पराभव झाला.

विजयानंतर मात्र मार्चपर्यंत शुजा अवधकडे आणि अब्दाली मायदेशी वळला. समान शत्रू उरला नाही, तशी आघाडीही उरली नाही.

विचार करा: भाऊंना सूरजमल आणि शुजा यांना आपल्याकडे राखता आले असते, तर अब्दालीला पानिपतावर किती काळ टिकता आले असते?