एका इस्पितळाचीं तीन घरें

फ्रान्समधील लियों शहरीं रोन नदीच्या कांठीं ‘ओतेल-द्यू’ नांवाचें पुरातन इस्पितळ होतें. सोळाव्या शतकांत राब्ले हा प्रसिद्ध विनोदी ग्रंथकार तेथें वैद्य म्हणून चाकरीस होता. २०१० सालीं तें बंद झालें. पुढें २०१८-१९ मध्यें त्याच भिंतींच्या आंत दुकानें, उपाहारगृहें आणि एक उंची हॉटेल थाटण्यांत आलें. ‘ओतेल-द्यू’ म्हणजे देवाचें घर. देव गेला व ओतेल तेवढें राहिलें, ही कोटी राब्लेलाही आवडली असती! या रूपांतराबद्दल हळहळणाऱ्या वाचकांस आम्ही आपल्या शेजारच्या गोव्याचा इतिहास पाहण्याची विनंती करतों. त्याचे उत्तम साक्षीदार फ्रेंचच आहेत, हा एक योगायोग.

१५१० सालीं गोवा जिंकल्यावर आल्बुकेर्कनें तेथें इस्पितळ घातलें. पुढें तें राजाश्रयाचें ‘होस्पिताल रेआल’ झालें व त्याची व्यवस्था जेझुइटांच्या हातीं आली. फ्रांस्वा पिरार हा लाव्हालचा रहिवासी १६०२ सालीं मालदीव बेटांजवळ गलबत फुटून अडकला होता. तो हालअपेष्टा भोगीत १६०८ सालीं आजारी स्थितींत गोव्यास पोंचला आणि या इस्पितळांत दाखल झाला. जगांत याच्या तोडीचें इस्पितळ नसेल, असें त्याचें मत पडलें. रेशमी पांघरुणें आणि रुप्याचीं ताटें यांचें वर्णन तो मोठ्या चवीनें करतो. परंतु हें वैभव पोर्तुगीज शिपायांसाठीं होतें. एतद्देशीयांची सोय निराळ्या इस्पितळांत. खुद्द पिरारलाही बरा होतांच, परका फ्रेंच म्हणून, तुरुंगांत जावें लागलें. उपचार करावे आणि मग बेडी घालावी, या न्यायास काय म्हणावें!

चाळीसएक वर्षांनीं, १६४८ सालीं, टॅव्हर्निये हा जवाहिऱ्या गोव्यास दुसऱ्यांदा आला. तोंवर इस्पितळाचे व्यवस्थापक बदलले होते व कीर्ति ओसरली होती. आंत गेलेले पुष्कळ यूरोपीय थडग्याच्या वाटेनेंच बाहेर पडतात, असें तो लिहितो. रोग्याचें रक्त तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळां काढीत, आणि उडालेला रंग परत यावा म्हणून बारा दिवस दिवसांतून तीन पेले गोमूत्र पाजीत. हा उपाय पोर्तुगीजांनीं येथल्या हिंदूंकडूनच उचलला होता. एतद्देशीय रोग्यास ज्या दारांतून प्रवेश नव्हता, त्याच दारांतून एतद्देशीय औषध मात्र बिनबोभाट आंत गेलें!

मग रोगराईनें ती नगरीच ओस पडत चालली. १७५९ सालीं व्हाइसरॉयनें आपलें बिऱ्हाड पणजीस हलविलें आणि त्याच्या पणेलीं येथील रिकाम्या वाड्यांत इस्पितळ गेलें. जुन्या राजधानींतील मोडक्या इमारतींचे दगड नव्या पणजीच्या बांधकामांत खपले. आमच्या वाशीच्या बाजूसही पडक्या वाड्याचा चिरा शेजारच्या जोत्यांत जातो. त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. पिरारनें वाखाणलेलें इस्पितळ आज कोठेंही उभें नाहीं. त्याचा दुसरा उपयोग कोणास सुचला नाहीं. म्हणून तें गेलें.

तिसरें घर पणजीचें. तेथें १७०२ च्या सुमाराचा माकिनेझ घराण्याचा वाडा होता. १८४२ सालीं स्थापन झालेली वैद्यकशाळा या वाड्यांत नांदूं लागली आणि इस्पितळ तिला जोडलें गेलें. आशियांतील ही सर्वांत जुनी वैद्यकशाळा, अशी फुशारकी कधीं कधीं ऐकूं येते. कलकत्त्याचें वैद्यकीय महाविद्यालय १८३५ चें आहे, एवढें सांगून आम्ही तो वाद सोडतों. महत्त्वाची गोष्ट ही कीं, येथें गोमंतकीय माणूस रोगी म्हणून आला, तसाच वैद्य होऊन बाहेर पडला. त्यांपैकीं कित्येकांनीं आफ्रिकेंतील पोर्तुगीज वसाहतींत जाऊन चाकरी केली. रुप्याच्या ताटांपेक्षां आम्हांस हें वैभव मोठें वाटतें.

१९६१ सालीं गोवा मुक्त झाला व १९६३ मध्यें शाळेचें गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालें. पुढें खाटा, यंत्रें, विद्यार्थी सारेंच बांबोळीच्या पठारावर गेलें. रिकामें आवार २००४ सालीं आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठीं सजविण्यांत आलें. माकिनेझ वाड्यांत आतां चित्रपटगृह आहे. इस्पितळाच्या जुन्या इमारतींत २०१६ पासून सेरेंडिपिटी कलामहोत्सवाचीं प्रदर्शनें भरत आलीं आहेत.

रोग्याच्या वॉर्डांत चित्रें टांगणें ही विटंबना होय, असें म्हणणारे आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. ही वास्तु वैद्यकशाळा झाली तीच मुळीं सरदारी वाड्याचा दुसरा उपयोग म्हणून. आमची काळजी निराळी आहे. लियोंच्या घुमटाखालीं आज रात्र काढावयाची तर खिसा जड लागतो. पूर्वीं तेथें निष्कांचनालाच आधीं जागा मिळे. पणजीच्या त्या दारांतून मासळीवाली बाई एके काळीं पोर कडेवर घेऊन औषधासाठीं शिरे. ती आज चित्रें पाहण्यास निःसंकोच शिरते कीं नाहीं, हें आम्हांस तेथील व्यवस्थापकांना विचारावयाचें आहे.